भिंत ओळखा, मग ड्रिल घ्या

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

आजचा विषय तसा साधा आहे. घरात अधूनमधून लागणारं, खिशाला परवडणारं ड्रिल मशीन कसं निवडावं, एवढंच सांगायचं आहे. पण सुरुवात माझ्या फजितीपासून करतो, कारण मला जे समजलं ते तिथूनच समजलं.

काही वर्षांपूर्वी माझी आई बाथरूममध्ये पाय घसरून पडली. सुदैवाने हाड मोडलं नाही, पण डॉक्टरांनी सांगितलं, "भिंतीला आधाराची दांडी बसवून घ्या." दांडी त्याच संध्याकाळी आणली. बसवायला चार भोकं पाडायची होती, दोन या टोकाला आणि दोन त्या टोकाला. आमच्या नेहमीच्या इलेक्ट्रिशियनला फोन केला. तो म्हणाला, "साहेब, चार भोकांसाठी एवढ्या लांब येणं परवडत नाही. तिकडे दुसरं काम निघालं की येतो." आठ दिवस गेले तरी त्याचं दुसरं काम काही निघेना. आई भिंतीला हात टेकत आत जायची आणि आम्ही दाराबाहेर कान देऊन उभे राहायचो.

शेवटी मी बाजारात गेलो आणि सर्वांत स्वस्त ड्रिल मशीन घेऊन आलो. डाव्या बाजूची दोन भोकं पाच मिनिटांत पडली. उजव्या बाजूला मात्र पंधरा मिनिटं रेटूनही बिट बोटाच्या पेराएवढंसुद्धा आत जाईना. मग जळका वास आला, धूर निघाला आणि मशीन बंद पडलं. मी दुकानदाराच्या नावाने बोटं मोडत होतो. तेवढ्यात आवाज ऐकून शेजारचे काका आले. कारखान्यात फिटर म्हणून त्यांची सारी हयात गेलेली. भोकातून पडलेली भुकटी त्यांनी चिमटीत धरली आणि म्हणाले, "अहो, मशीनला कशाला दोष देता? भिंत कसली आहे ते बघितलंत का? इकडे वीट आहे, तिकडे आरसीसीचा कॉलम!"

दुकानात गेल्यावर आपण वॉट विचारतो, कंपनी विचारतो, किंमत विचारतो. आपल्या घराची भिंत कसली आहे, हा प्रश्न ना आपण स्वतःला विचारत ना दुकानदार आपल्याला विचारत. खरं तर निवडीची सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

जातं आणि मुसळ

भोक पाडणं हे काम जुनंच आहे. आपले सुतार दोरीने फिरणारा सामता वापरत, गिरमिट वापरत. विजेवर चालणाऱ्या ड्रिलचं पेटंट १८८९ साली ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहरात आर्थर अर्नोट आणि विल्यम ब्रेन या दोघांनी घेतलं. ते यंत्र अवजड होतं. १८९५ मध्ये जर्मनीतल्या श्टुटगार्टच्या फाइन कंपनीने हातात धरता येईल असं ड्रिल तयार केलं. पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाने दाबायचा खटका ही आज आपल्या ओळखीची रचना अमेरिकेतल्या ब्लॅक अँड डेकर कंपनीने आणली. तिला त्याचं पेटंट १९१७ मध्ये मिळालं.

आज बाजारात घरगुती वापराची मुख्यतः तीन प्रकारची मशीन मिळतात. त्यांतला फरक जातं आणि मुसळ डोळ्यांसमोर आणलं की चटकन लक्षात येतो.

पहिलं साधं ड्रिल. ते फक्त फिरतं. जात्यासारखं घासून, कापून भोक पाडतं. लाकूड, प्लायवूड, पत्रा, ॲल्युमिनियम यांसाठी ते उत्तम. विटेच्या भिंतीतही कसंबसं चालतं. काँक्रीटपुढे मात्र त्याचा निभाव लागत नाही. माझं पहिलं मशीन याच जातीचं होतं.

दुसरं इम्पॅक्ट ड्रिल. याच्या पोटात दोन दातेरी चकत्या समोरासमोर असतात. फिरताना एकीचे दाते दुसरीच्या दात्यांवरून खडखडत जातात आणि बिटाला फिरता फिरता बारीक ठोके बसतात. समजा मशीन मिनिटाला २,८०० फेरे घेतं आणि चकतीला १६ दाते आहेत, तर मिनिटाला ४४,८०० ठोके झाले. खोक्यावर हा आकडा मोठ्या अक्षरांत छापतात. पण ठोके खूप असले तरी प्रत्येक ठोका हलका असतो आणि तो बसण्यासाठी आपल्याला मागून जोर लावावा लागतो. मशीनवर हातोडीचं आणि साध्या बिटाचं अशी दोन चित्रं असतात. खटका हातोडीवर केला की ठोके सुरू होतात, बिटावर केला की हेच मशीन साधं ड्रिल होतं.

तिसरं रोटरी हॅमर. हे खरं मुसळ. यात दट्ट्या हवेच्या दाबाने मागेपुढे होऊन बिटाच्या बुडावर घाव घालतो. मिनिटाला घाव चार-पाच हजारच असतात, पण एकेक घाव जबरदस्त असतो. त्याची ताकद ज्यूलमध्ये मोजतात. आरसीसीत ते इतक्या सहज शिरतं की आपल्याला फक्त धरून उभं राहावं लागतं. त्याची बिटं खाचा असलेल्या वेगळ्या दांड्याची असतात, त्यांना एसडीएस म्हणतात. साध्या ड्रिलची गोल दांड्याची बिटं त्यात थेट बसत नाहीत. शिवाय मशीन जड असतं आणि लाकडातल्या नाजूक कामाला ते उपयोगाचं नाही.

आपली भिंत कोणती?

आता घराकडे वळू. विटांच्या भिंती आणि आरसीसीचे कॉलम-बीम अशी रचना आपल्याकडच्या बहुतेक इमारतींत आढळते. अशा घरात खोलीचे कोपरे, छताजवळचा पट्टा आणि दारं-खिडक्यांच्या वरचा भाग काँक्रीटचा असण्याची शक्यता फार. पडद्याचा रॉड नेमका तिथेच लावायचा असतो! अशा घराला इम्पॅक्ट ड्रिल योग्य. काँक्रीटमध्ये सहा-आठ मिलिमीटरची भोकं ते पाडतं, फक्त वेळ लागतो.

अलीकडे मुंबई-पुण्याच्या उंच इमारतींत ॲल्युमिनियमचे साचे लावून सगळ्या भिंती काँक्रीटच्याच ओततात. कारागीर त्याला 'मायव्हन' म्हणतात. अशा घरात इम्पॅक्ट ड्रिल दमतं आणि आपणही दमतो. तिथे रोटरी हॅमरच हवं. मग ते विकत घ्या किंवा दिवसाच्या भाड्याने आणा.

दुसऱ्या काही नव्या इमारतींत आतल्या भिंती हलक्या, सच्छिद्र ब्लॉकच्या असतात. त्यांना एएसी ब्लॉक म्हणतात. तिथे उलट काळजी. हातोडीचा खटका सुरू ठेवला की भोक मोठं होतं आणि प्लग हलतो. अशा भिंतीत ठोके बंद ठेवून नुसतं फिरवायचं आणि प्लग लांब घ्यायचा. कोकण-गोव्यातल्या जांभ्या चिऱ्याचंही तसंच आहे. चिरा मऊ, त्यात मधेच पोकळी लागते. सुरुवात ठोक्यांशिवाय करावी.

भिंत ओळखायची कशी? एखाद्या आडोशाच्या जागी, कपाटामागे, बारीक भोक पाडून पाहा. प्लास्टर ओलांडल्यावर लाल भुकटी आली तर वीट. करडी, पिठासारखी भुकटी आली आणि बिट अडखळू लागलं तर काँक्रीट. पांढुरकी भुकटी भराभर सांडली तर हलका ब्लॉक. आणि बिट एकदम अडून चकचकीत लोखंडाचा कीस दिसला, तर ती सळई समजा. तिथे हट्ट करू नका. सळईवर इमारत उभी आहे. भोक इंच-दीड इंच बाजूला घ्या.

दुकानात काय पाहावं?

विटेची भिंत आणि अधूनमधून काँक्रीट, वर्षातून पाच-दहा वेळा काम, असं आपलं घर धरलं, तर माझं उत्तर असं आहे. वायरचं, १३ मिलिमीटर चकचं, ५०० ते ६५० वॉटचं इम्पॅक्ट ड्रिल घ्यावं. चक म्हणजे बिट पकडणारा जबडा. तो १० किंवा १३ मिलिमीटरचा असतो. आज चांगल्या कंपनीचं असं मशीन साधारण दोन ते साडेतीन हजार रुपयांत मिळतं.

यापेक्षा जास्त वॉटची घरात गरज नाही. वॉट म्हणजे मशीन किती वीज खातं त्याचा आकडा, भिंतीवर किती जोर पोचतो त्याचा नव्हे. आपल्याकडच्या २३० व्होल्टवर ६०० वॉटचं मशीन पावणेतीन अँपिअरच्या आत वीज घेतं, म्हणजे घरातला साधा ६ अँपिअरचा सॉकेट त्याला पुरतो.

चार गोष्टी मात्र असायलाच हव्यात. खटका जितका दाबू तितका वेग वाढला पाहिजे, कारण टाइलवर आणि सुरुवातीला वेग कमीच लागतो. उलटं फिरवण्याची सोय हवी, म्हणजे अडकलेलं बिट निघतं आणि स्क्रू सोडवता येतो. बाजूला दुसरी मूठ हवी, कारण बिट अडकलं की मशीन मनगट पिरगाळतं. आणि ठोके बंद-सुरू करण्याचा खटका हवा.

मग मशीनच्या अंगावरची पट्टी वाचा. खोक्यावरचे आकडे बाजूला ठेवा. चौकोनात चौकोन अशी खूण शोधा. तिचा अर्थ विजेपासून दुहेरी संरक्षण असलेली बांधणी. अशा मशीनला दोनच पिनांचा प्लग असतो, म्हणून तिसरी पीन नाही हे पाहून घाबरू नका. दुकानात बिट बसवून मशीन चालवून घ्या. टोक डगमगत असेल तर दुसरं मागा. कार्बन ब्रश बदलता येतात का, आपल्या गावात दुरुस्ती कुठे होते, हमी किती, हे विचारा आणि पक्कं बिल घ्या. कार्बन ब्रश झिजले की मशीन अडखळतं आणि लोक ते भंगारात टाकतात. नवी जोडी फार महाग नसते.

बॅटरीचं घ्यावं का, असं बरेच जण विचारतात. रोज स्क्रू पिळणाऱ्याला ते सोन्यासारखं आहे. पण लिथियम बॅटरी वापरली नाही तरी वर्षागणिक म्हातारी होते. सहा महिन्यांनी मशीन बाहेर काढावं तर ती उतरलेली असू शकते, आणि चार-पाच वर्षांनी नवी बॅटरी त्या मापाची मिळेल याची खात्री नाही. शिवाय त्याच किमतीचं बॅटरीचं मशीन काँक्रीटमध्ये लवकर थकतं. क्वचित वापर करणाऱ्याने वायरचंच घ्यावं. ते दहा महिने माळ्यावर पडून राहिलं तरी प्लग लावताच फिरतं.

बिट आणि प्लग

शंभर नगांच्या पेटीचा मोह टाळा. त्यातली बरीचशी बिटं कधीच वापरली जात नाहीत आणि वापरावी तर लवकर बोथट होतात. त्यापेक्षा भिंतीसाठी टोकाला कार्बाइड बसवलेली ६, ८ आणि १० मिलिमीटरची तीन चांगली बिटं घ्या. लोखंड-लाकडासाठी ३ आणि ५ मिलिमीटरची पोलादी बिटं घ्या. पोलादी बिटाला हातोडीचा खटका कधीच लावू नका. माझ्या अनुभवाने, साध्या मशीनला चांगलं बिट लावलं तर काम होतं, महाग मशीनला बोथट बिट लावलं तर होत नाही.

पूर्वी भिंतीत छिन्नीने चौकोनी खड्डा करून त्यात लाकडी खुंटी सिमेंटने बसवत. ती पद्धत मोडली प्लगने. इंग्लंडमधल्या जॉन रॉलिंग्ज यांनी १९११च्या सुमारास तंतूंचा प्लग काढला. त्यांच्या नावावरूनच आपल्याकडे 'रावल प्लग' हा शब्द आला. पुढे १९५८ मध्ये जर्मनीतल्या आर्टुर फिशर यांनी नायलॉनचा, स्क्रू पिळताच फुगणारा प्लग तयार केला. दुकानात आपण 'फिशर द्या' म्हणतो ते त्यांचंच नाव. ८ नंबरच्या प्लगला ८ मिलिमीटरचंच भोक हवं. प्लग हाताने सैल शिरला तर तो धरत नाही, हातोडीच्या हलक्या ठोक्याने जायला हवा.

बाथरूममध्ये आणखी एक मेख असते. टाइल, तिच्यामागचं सिमेंट आणि प्लास्टर मिळून सुमारे इंचभर जाडी जाते. त्या इंचाला धरण्याची ताकद नसते. म्हणून प्लग त्यापलीकडे खऱ्या भिंतीत पोचला पाहिजे आणि स्क्रू तेवढा लांब व न गंजणारा हवा. टाइलवर चिकटपट्टी लावा, काचेचं-टाइलचं भाल्यासारख्या टोकाचं बिट घ्या, ठोके बंद ठेवा आणि हळू फिरवा. टाइल ओलांडली की मग भिंतीचं बिट लावा.

खटका दाबण्याआधी

भिंतीतल्या वायरी दिसत नाहीत. त्या बहुधा स्विचबोर्डापासून सरळ वर किंवा खाली आणि छताजवळून आडव्या गेलेल्या असतात. म्हणून बोर्डाच्या सरळ रेषेत आणि नळाच्या वर-खाली भोक पाडू नका. शंका असेल तर त्या खोलीची वीज बंद करा आणि दुसऱ्या खोलीतून एक्स्टेन्शन घ्या. एक्स्टेन्शनची वायर पूर्ण उलगडा, गुंडाळी तशीच ठेवली तर ती तापते. बाथरूमची फरशी आणि आपले पाय कोरडे हवेत. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल, तर आधी तो बसवून घ्या. चांगल्या ड्रिलपेक्षा त्याची गरज मोठी आहे.

डोळ्यांना चष्मा, नाकाला मास्क. काँक्रीटची बारीक धूळ फुप्फुसांना वाईट. पदर, ओढणी, मंगळसूत्र, सैल बाह्या आवरून घ्या. सैल हातमोजेही नकोत, ते बिटात गुंततात. बिट बदलताना प्लग काढा आणि चकची चावी बाजूला ठेवली का ते पाहा. भोक पाडताना मधेमधे बिट बाहेर काढा, म्हणजे भुकटी निघते आणि बिट तापत नाही. शेवटी भोकातली भुकटी सायकलच्या पंपाने उडवा. तोंडाने फुंकू नका, सगळी डोळ्यांत येते. मशीन गरम झालं तर मिनिटभर मोकळं फिरवून थंड होऊ द्या. घरगुती मशीन विश्रांती घेत घेत चालण्यासाठीच केलेलं असतं.

घ्यावं की नको?

आता हिशेब. समजा कारागीर एका फेरीचे तीनशे रुपये घेतो आणि मशीन तीन हजारांचं आहे. दहा फेऱ्यांत ते वसूल होतं. वर्षाला दोनच कामं निघत असतील, तर पाच वर्षं लागतील. घर लावून झालं असेल आणि चार फोटो टांगायचे असतील, तर कारागिराला बोलवावं, त्यात कमीपणा नाही. मोठ्या शहरांत मशीन दिवसाच्या भाड्याने मिळतं. आणि सोसायटीतल्या आठ-दहा घरांनी मिळून एक चांगलं मशीन घेतलं, तर प्रत्येकाच्या वाट्याला फार थोडा खर्च येतो. फक्त ते कोणाकडे राहणार आणि बोथट बिट कोण बदलणार, हे आधीच ठरवा. दुपारी भोकं पाडायची नाहीत, हेही!

पण नुसत्या रुपयांत हा हिशेब संपत नाही. आमच्या घरी ते आठ दिवस फार लांब गेले होते. त्या दिवशी काकांनी ओळखीच्या दुकानातून रोटरी हॅमर भाड्याने आणून दिलं. कॉलममधली दोन भोकं दोन मिनिटांत पडली. डाव्या बाजूचे प्लगही त्यांनी मला काढायला लावले. ते फक्त प्लास्टरपर्यंतच पोचले होते! भोकं खोल करून लांब स्क्रू लावले. मग काका म्हणाले, "आता तुम्ही लोंबकळून बघा. तुमचं वजन पेललं तरच आईंना हात लावू द्या." मी दोन्ही पाय उचलून लोंबकळलो. दांडी हलली नाही.

विटेच्या बाजूची ती घाईने लावलेली दांडी मला पक्की वाटली होती. मशीन चाललं, भोक पडलं, स्क्रू गेला, म्हणजे काम झालं असं मी समजलो होतो. कॉलमने अडवलं नसतं, तर आईने त्याच दांडीवर भार टाकला असता. म्हणून ड्रिल घ्यायला निघालात, तर आधी घरातली भिंत पाहा आणि त्या भिंतीवर कोणाचा भार पडणार आहे तेही पाहा.